ऑफिसचा पोषण कार्यक्रम आणि कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य: एका फाइलीत ठेवलेल्या दोन वेगळ्या गोष्टी

कंपनीच्या वार्षिक अहवालात 'कर्मचारी कल्याण' नावाचं एक पान असतं. एका बाजूला फळांच्या टोपलीचा फोटो, दुसऱ्या बाजूला डोळे मिटून ध्यानाला बसलेली मंडळी, आणि दोन्हींवर मिळून एकच मथळा. बजेट एक, समिती एक, बरेचदा दोन्ही सांभाळणारा माणूसही एकच. त्यामुळे कॅन्टीन सुधारलं की लोकांच्या मनाचंही आपोआप मार्गी लागेल, असं सगळे धरून चालतात. ते इतकं सरळ नाही. आणि 'खाण्याचा नि मनाचा संबंध काय?' असं म्हणून उडवून लावण्याइतकंही सोपं नाही.

आधी दोन्हींचं काम काय ते पाहू. पोषण कार्यक्रमाचं लक्ष ताटावर असतं. कॅन्टीनमधलं तेल-मीठ-साखर कमी करणं, गोड पेयांच्या जागी फळं आणि सुकामेवा ठेवणं, डाएटिशियनला महिन्यातून एकदा बोलावणं, रक्त तपासणं, पदार्थांसमोर कॅलरीचे आकडे लावणं. कल्पना जुनीच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1956 सालच्या कल्याण सुविधांविषयीच्या शिफारशीत कामाच्या जागी जेवणाची सोय असावी, असं सांगून ठेवलं होतं.

मनःस्वास्थ्याच्या कामाचे दोन थर आहेत. पहिला थर आधीच अडचणीत असलेल्या माणसासाठी: समुपदेशक, गुप्तता पाळणारी हेल्पलाइन, उपचारासाठी रजा, बरं होऊन परतल्यावर काही दिवस हलकं काम. दुसरा थर कामाच्या रचनेचा. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेने कामाच्या ताणाची सहा मुळं सांगितली आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, आपसातले संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे हाताळले जातात. या सहांमध्ये जेवण कुठेही नाही. मला विचाराल तर ही यादी वेलनेस समितीच्या प्रत्येक बैठकीत भिंतीवर लावून ठेवायला हवी.

मग गोंधळ होतो कशामुळे? खाण्याचा मनावर परिणाम होतो, याला चांगला पुरावा आहे म्हणून. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी केलेली, 2017 साली प्रसिद्ध झालेली 'स्माइल्स' चाचणी घ्या. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेले 67 जण दोन गटांत विभागले. एका गटाला आहार सुधारायला मदत केली: भाज्या, फळं, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल वाढवा, गोड, तळलेलं, पाकीटबंद कमी करा. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ गप्पा आणि सोबत मिळाली. 12 आठवड्यांनंतर आहाराच्या गटात सुमारे 32 टक्के लोकांची लक्षणं आजाराच्या रेषेखाली आली होती, सोबतीच्या गटात 8 टक्के लोकांची.

हा आकडा वेलनेसच्या सादरीकरणात हमखास भेटतो. त्याच्या मागच्या अटी मात्र क्वचितच भेटतात. चाचणीतल्या लोकांचा मूळ आहारच वाईट होता, म्हणजे सुधारायला भरपूर वाव होता. बहुतेकांचे औषधोपचार किंवा थेरपी चालूच होती. आणि प्रत्येकाला डाएटिशियनने समोर बसवून सात बैठकांत, सुमारे तासभर प्रत्येक वेळी, वेळ दिला होता. शिवाय आहारावरच्या चाचणीत आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांपासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम पुरता वगळता येत नाही. यातलं काय कॅन्टीनच्या सॅलड काउंटरला लागू पडतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पोषक द्रव्यांच्या गोळ्यांचं तर तेवढंही नाही: युरोपातल्या 'मूडफूड' चाचणीत (2019) वजन जास्त असलेल्या हजारावर लोकांना अशा गोळ्या वर्षभर देऊनही नैराश्य टळलं नाही.

एकाच माणसाच्या अंगात या दोन गोष्टींची सर्वांत जास्त गल्लत होते ती थकव्यात. दुपारी चारला डोकं चालेनासं होतं, चिडचिड होते, साधा ईमेल तीनदा वाचावा लागतो. लोह कमी असलं, बी-12 कमी असलं, थायरॉइड बिघडलेला असला तरी अगदी असंच होतं. बर्नआउटमध्येही असंच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बर्नआउटची तीन अंगं सांगितली आहेत: गळून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि 'आपल्याच्याने काही होत नाही' असं वाटू लागणं. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे. लोह किंवा बी-12 कमी असल्याने आलेल्या अशक्तपणात बहुधा पहिलंच अंग दिसतं. माणूस दमलेला असतो, पण त्याचं कामाशी वाकडं नसतं, आणि रविवारी जिना चढतानाही त्याला धाप लागते. बर्नआउटवाल्याला लॅपटॉप उघडण्याचा विचार आला तरी पोटात गोळा येतो, आणि लांब रजेच्या चौथ्या-पाचव्या दिवशी तोच माणूस बऱ्यापैकी हुशारतो. अर्थात हा अंदाज झाला, निदान नव्हे. दोन्ही एकत्रही असू शकतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12 आणि थायरॉइडची तपासणी आधी करून घेणं स्वस्तातलं काम आहे, ते टाळून थेट 'तुला ब्रेकची गरज आहे' म्हणणं बरोबर नाही. उलटही खरं: रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे माणूस ठीक आहे, असा निष्कर्ष एचआरने काढू नये.

आता कार्यक्रमांच्या यशाबद्दल. 'आमच्या वेलनेस योजनेत सामील झालेले लोक जास्त निरोगी आणि आनंदी आहेत' हे वाक्य बहुधा खरं असतं, आणि तरीही त्यातून काही सिद्ध होत नाही. इलिनॉय विद्यापीठात सुमारे 4,800 कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात (2019) योजनेचं निमंत्रण चिठ्ठ्या टाकून दिलं गेलं. वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, जिमला जाणं, कशातच लक्षणीय फरक पडला नाही. पण नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे सामील झालेले विरुद्ध न झालेले अशी तुलना केली, की मोठा फायदा दिसत होता. कारण उघड आहे: जे आधीच बरे होते तेच उत्साहाने आले. मनाच्या बाजूला सगळं आलबेल आहे असंही नाही. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर आधारलेल्या विल्यम फ्लेमिंग यांच्या अभ्यासात (2024) ध्यानाची अॅप, कणखरपणाची प्रशिक्षणं वगैरे घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे आढळले नाहीत; अपवाद स्वयंसेवी कामाचा. म्हणजे ज्याला आपण मनःस्वास्थ्याचा कार्यक्रम म्हणतो, तोही बरेचदा माणसाला दुरुस्त करायला बघतो आणि कामाला हात लावत नाही.

आणखी एक फरक फार बोलला जात नाही. पोषण कार्यक्रम चारचौघांत चालतो. लोक ताटाचे फोटो काढतात, पावलांचे आकडे ग्रुपवर टाकतात. समुपदेशकाच्या खोलीबाहेर कोणी सेल्फी काढत नाही. एकाला गाजावाजा लागतो, दुसऱ्याला आडोसा. एकाच समितीकडे दोन्ही गेलं की समुपदेशनाचीही 'हजेरी' मागितली जाते, विभागवार आकडे निघतात, आणि सहा जणांच्या टीममध्ये 'एकाने सेवा घेतली' हे कळलं की तो कोण हे कळायला कितीसा वेळ लागतो?

याच्या उलट, पोषणाचा चांगला हेतू मनाला इजा करू शकतो. वजन घटवण्याच्या स्पर्धा, सगळ्यांसमोर वजनकाटा, फलकावर नावं, दर पदार्थाखाली कॅलरी. ज्या माणसाचं खाण्याशी आधीच बिनसलेलं आहे, त्याला यातून रोज दुपारी लाजेचा डोस मिळतो. खाण्याचे विकार बाहेरून दिसतातच असं नाही. अशा स्पर्धा बंद कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे; सॅलड मात्र राहू द्या.

दोन्ही गोष्टी खरोखर एकत्र येतात ती जागा ताटात सापडत नाही, ती कॅलेंडरमध्ये असते. कुठल्याही मोठ्या ऑफिसमधल्या एखाद्या टीम लीडचा दिवस उघडून बघा. साडेबाराला रिव्ह्यू, एकला दुसऱ्या टाइमझोनमधल्या लोकांशी कॉल, पावणेदोनला 'फक्त पंधरा मिनिटं', दोनला क्लायंट. खाली कॅन्टीनमध्ये डाएटिशियनने आखलेलं जेवण मांडलेलं असतं आणि तीनला ते झाकलं जातं. हा माणूस सव्वातीनला मशीनमधलं बिस्किट आणि कॉफी घेऊन जागेवर येतो. कॅफिनचा शरीरातला निम्मा भाग ओसरायला साधारण पाच तास लागतात. दुपारची ती कॉफी रात्री आठ-साडेआठलाही निम्मी शिल्लक असते. झोप बिघडते, दुसऱ्या दिवशीची सकाळ कॉफीवर सुरू होते. इथे आहार बिघडला की ताण वाढला, हे वेगळं काढता येत नाही, आणि दोन्हींवर उपाय एकच आहे: एक ते दोन कोणी मीटिंग लावायची नाही. त्याला पैसे लागत नाहीत. लागतं ते मोठ्या साहेबांनी स्वतः एक वाजता उठून जेवायला जाणं.

रात्रपाळीत हा मुद्दा आणखी ठळक होतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 19 जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. ज्यांनी दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा खाल्लं त्यांची उदासवाणी मनःस्थिती 26 टक्क्यांनी आणि चिंतेची भावना 16 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी फक्त दिवसा खाल्लं त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. नमुना लहान आहे, त्यावरून रात्रीचं कॅन्टीन बंद करायला जाऊ नये. पाळीच्या आधी नीट जेवण, मध्ये काही हलकं, एवढं डाएटिशियन सांगू शकतो. सलग किती रात्री लावायच्या आणि दोन पाळ्यांमध्ये किती तास सोडायचे, हे ऑपरेशन्सवाले ठरवतात, आणि वेलनेस समितीच्या बैठकीला त्यांना सहसा बोलावलेलं नसतं.