झेडपी शाळेला म्हणे लाखोंनी पैसा येतो!

गावात कट्ट्यावर कायम ऐकू येतं, झेडपी शाळेला सरकार लाखोंनी देतं, मग जातं कुठं? अहो, त्यातला मोठा भाग पगार, तो थेट गुरुजींच्या खात्यात. शाळेच्या हातात येतं ते समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचं संयुक्त अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा एकत्र निधी, आणि ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पोरं असली की वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८३३! त्यातच लाईट बिल, खडू, झाडू, गळका नळ, वर किमान १० टक्के स्वच्छतेवर. शंभरावर पट गेला की ५०,०००. पण वाडीवरच्या शाळेत शंभर पोरं आणायची कुठनं, आणि पत्रा फुटला तर दुरुस्ती काय पट बघून स्वस्त होते का?