गोटी, घळी आणि खालच्या दोऱ्या

गेल्या महिन्यात एका प्रसूतिगृहात नातेवाइकांच्या सोबतीला बसले असताना हाती एक रंगीत पत्रक आले. गर्भारपणात ठरावीक मंत्र ऐकल्याने बाळाची जनुके हवी तशी घडतात आणि हे ‘एपिजेनेटिक्सने सिद्ध झाले आहे’, असे त्यावर छापले होते. हा शब्द ज्या शास्त्रज्ञाने रूढ केला, त्याने गर्भाच्या विकासाचे जे प्रतिमान मांडले ते या दाव्याच्या जवळपास उलट सांगते. शिवाय ते जीवशास्त्राबाहेर मानसशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत इतके फिरले आहे, की ते मुळातून समजून घेणे मला अगत्याचे वाटते.

कॉनरॅड हॅल वॉडिंग्टन (1905–1975) हे केंब्रिजला भूविज्ञान शिकले आणि पुढे एडिंबरा विद्यापीठात आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. एका फलित पेशीपासून चेतापेशी, यकृताची पेशी, स्नायूची पेशी अशा शेकडो प्रकारच्या पेशी कशा होतात, हा त्यांचा प्रश्न होता. कारण जनुके तर बहुतेक सर्व पेशींत तीच असतात. जनुके आणि प्रत्यक्ष घडण यांच्यामधल्या या व्यवहाराच्या अभ्यासाला त्यांनी 1942 साली एपिजेनेटिक्स हे नाव दिले आणि 1957 साली एका पुस्तकात त्याचे प्रसिद्ध चित्र छापले. त्यात एक डोंगरउतार आहे, माथ्यावर एक गोटी आहे आणि उतारावर फाटे फुटत जाणाऱ्या घळी आहेत. गोटी म्हणजे पेशी. ती ज्या घळीतून खाली पोहोचेल ते तिचे अंतिम रूप.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे चित्र परके वाटणार नाही. महाबळेश्वरच्या पठारावर पडलेला पावसाचा थेंब कृष्णेकडे वळला तर सुमारे 1400 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि त्याच माथ्यावरचा दुसरा थेंब सावित्रीच्या बाजूला घरंगळला तर बाणकोटला अरबी समुद्र गाठतो. माथ्यावर वीतभर सरकण्याने सारा प्रवास बदलतो. मात्र एकदा घळीत उतरलेल्या पाण्याच्या वाटेत दगड टाकला, तरी ते त्याला वळसा घालून पुन्हा त्याच घळीला लागते. विकासाच्या या चिवटपणाला वॉडिंग्टन यांनी कॅनलायझेशन म्हटले. आपण मार्गबद्धता म्हणू.

त्याच पुस्तकात दुसरे एक चित्र आहे, आणि माझ्या मते खरा विचार त्यात आहे. ते उताराच्या खालून काढलेले आहे. पावसाळ्यात अंगणात बांधलेल्या ताडपत्रीला खालून ठिकठिकाणी दोऱ्या बांधून त्या जमिनीतल्या खुंट्यांना ताणाव्यात, तसा तो उतार खाली ताणलेला दिसतो. खुंट्या म्हणजे जनुके आणि दोऱ्या म्हणजे त्यांचे रासायनिक परिणाम. या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एखादी तुटली तरी बाकीच्या ताण सांभाळतात, आणि म्हणूनच पुष्कळ जनुकीय बदल होऊनही शरीर जसे घडायचे तसेच घडते. मंत्राचा ध्वनी यातली नेमकी कोणती दोरी आणि कोणत्या आठवड्यात ओढतो, याबद्दल पत्रकात एक अक्षरही नाही. योग्य वेळी घेतलेले फोलिक ॲसिड मात्र बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील काही जन्मजात दोषांचा धोका खरोखर कमी करते. मातांच्या हाती द्यायचे पत्रक त्याबद्दल असावे.

दोऱ्यांनी घळ कशी पडते, हे आज रेणूंच्या पातळीवर सांगता येते. अस्थिमज्जेतील काही पूर्वज पेशींपुढे दोन वाटा असतात: तांबड्या पेशींच्या कुळात जाण्याची आणि पांढऱ्या पेशींच्या एका कुळात जाण्याची. गाटा-1 हे प्रथिन पहिल्या वाटेची जनुके चालू करते, तर पीयू-1 दुसऱ्या वाटेची. यातले प्रत्येक प्रथिन स्वतःच्या जनुकाला चालना देते आणि दुसऱ्याला दाबून धरते. समजा गाटा-1 थोडे वाढले, तर पीयू-1 दबते. पीयू-1 दबल्यामुळे गाटा-1 वरचा दाब कमी होतो आणि ते आणखी वाढते. फरक अशा रीतीने स्वतःलाच वाढवत नेतो, आणि दोघे बरोबरीत असण्याची अवस्था ही माथ्याची अवस्था ठरते.

येथे एक बारकावा आहे. दोन जनुके एकमेकांना दाबतात एवढ्याने दोन घळी पडत नाहीत. एका प्रथिनाचे प्रमाण आडव्या अक्षावर व दुसऱ्याचे उभ्या अक्षावर घेऊन समतोलाच्या दोन वक्ररेषा (एकीवर पहिल्याचे प्रमाण स्थिर राहते, दुसरीवर दुसऱ्याचे) काढल्या, तर दाब सौम्य असताना त्या एकाच बिंदूत छेदतात, म्हणजे एकच घळ मिळते. प्रथिनाचे प्रमाण दुप्पट झाल्यावर दाब दुपटीहून बराच अधिक वाढत असेल, तर त्या वक्ररेषा नागमोडी होऊन तीन बिंदूंत छेदू शकतात. त्यांतले कडेचे दोन स्थिर असतात आणि मधला अस्थिर. बोस्टनमधील संशोधकांनी 2000 साली ई. कोलाय जिवाणूत अशी जोडी मुद्दाम बांधून दाखवली. थोडा वेळ एक रसायन दिले की जिवाणू एका स्थितीत जात, थोडा वेळ उष्णता दिली की दुसऱ्या स्थितीत, आणि दिलेली गोष्ट काढून घेतल्यावरही ते तेथेच राहत.

गाटा-1 व पीयू-1 यांच्या बाबतीत मात्र 2016 साली जिवंत पेशींचे दीर्घकाळ चित्रण केल्यावर असे दिसले, की या दोघांच्या प्रमाणातील यादृच्छिक चढउतारांनी वाटेची निवड सुरू होत नाही. निवड झाल्यानंतर ती पक्की करण्याचे काम बहुधा ही जोडी करते. प्रतिमान इतके काटेकोरपणे मांडले गेले होते, म्हणूनच त्याचा हा भाग तपासून दुरुस्त करता आला.

आता हेच चित्र दुसऱ्या क्षेत्रात नेऊ. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली कॅनडातून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक ओळखता येत असे. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ती क्षमता बरीच ओसरलेली आढळली. हीही मार्गबद्धताच आहे. फक्त ही घळ खोल करणाऱ्या दोऱ्यांपैकी पुष्कळशा बाळाच्या बाहेर, घरातल्या माणसांच्या बोलण्यात असतात.

रेल्वेचे उदाहरण आणखी वेगळे आहे. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती 5 फूट 6 इंच रुंदीच्या मार्गावर, आणि पुढे स्वस्त पडतात म्हणून देशात हजारो किलोमीटर मीटरगेज मार्ग टाकले गेले. पेशीच्या चित्रात गोटी घळ खणत नाही, घळ दोऱ्यांनी पडते. येथे मात्र टाकलेला प्रत्येक मैल, बांधलेला प्रत्येक पूल आणि विकत घेतलेले प्रत्येक इंजिन पुढचा मैल त्याच रुंदीचा टाकायला भाग पाडते, म्हणजे गोटीच आपली घळ खणत पुढे जाते. त्यामुळे गोटी चढावर परत नेण्याची किंमतही निराळी असते. क्योतो येथे शिन्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या त्वचेतील पेशी चार जनुकांच्या बळावर माथ्याजवळच्या अवस्थेत परत नेल्या. भारतीय रेल्वेने 1992 साली सारे मार्ग एका रुंदीचे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा मात्र मीटरगेजचे रूळ, स्लीपर, पूल आणि फलाट टप्प्याटप्प्याने बदलावे लागले आणि त्यात काही दशके गेली.