सरावाने दोन कामं एकदम जमतात, पण तिसऱ्या कामाचं काय?

मल्टिटास्किंग, म्हणजे एकदम अनेक कामं करणं, हा शब्द कॉम्प्युटरवाल्यांकडून आला, प्रश्न मात्र फार जुना आहे: सरावाने दोन कामं एकदम जमायला लागली, तर ते कसब सराव न केलेल्या तिसऱ्या कामातही उपयोगी पडतं का? १८९६ मध्ये हार्वर्डमध्ये लिऑन सॉलोमन्स आणि गर्ट्रूड स्टाइन (हो, पुढे लेखिका म्हणून गाजली तीच) यांनी स्वतःवरच प्रयोग केले, गोष्ट वाचत राहायचं आणि समोरचा सांगेल ते शब्द लिहायचे, आणि सरावाने हात आपोआप चालायला लागला. मग १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी दुसरी बाजू दाखवली, आयताचं क्षेत्रफळ नजरेने सांगायचा कितीही सराव करा, दुसऱ्या आकारांना त्याचा फायदा फारच कमी होतो, दोन कामांत जेवढं सारखं असेल तेवढंच पुढे जातं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९७६ चा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा प्रयोग. स्पेल्की, हर्स्ट आणि नायसर यांनी दोन विद्यार्थ्यांना आठवड्याला ५ तास असं १७ आठवडे बसवलं, मनात गोष्ट वाचायची आणि त्याच वेळी डिक्टेशन घ्यायचं. आधी वाचन रखडलं, पण साधारण ६ आठवड्यांनी स्पीड आणि समज दोन्ही पहिल्यासारखं झालं. तरी गंमत अशी की लिहिलेल्या शब्दांकडे त्यांचं लक्षच नसायचं, एकाच प्रकारच्या गोष्टींची नावं ओळीने आली तरी बहुतेकदा कळायचं नाही, मग त्याचाही सराव दिला आणि शेवटी दोघं वाचता वाचता शब्दाऐवजी त्याचा प्रकार लिहायला लागले. १९८० मध्ये हर्स्ट आणि मंडळींनी गोष्टींवर तयार झालेल्यांना एन्सायक्लोपीडिया वाचायला दिला, त्यातल्या काहींचं तिथेही तितकंच नीट चाललं. पण हे शेवटी वाचन ते वाचनच झालं ना, उडी काही फार लांबची नाही.

लांबची उडी १९९४ मध्ये दिसली. डॅनियल गोफर आणि सहकाऱ्यांनी इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ पायलटांना स्पेस फोर्ट्रेस हा कॉम्प्युटर गेम १० तास खेळवला, आणि खऱ्या विमानात ते न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरले. माझ्या मते खरी गोम सराव कसा दिला त्यात आहे, कारण गोफर यांचा भर लक्ष मुद्दाम आलटूनपालटून वाटायला शिकवण्यावर होता, नुसत्या घोटण्यावर नाही.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियात ६० ते ८५ वयाच्या लोकांना न्यूरोरेसर गेम महिन्यात १२ तास दिला, गाडी चालवणं आणि खुणा ओळखणं एकदम करणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष न शिकवलेल्या चाचण्यांतही सुधारलं, तीच कामं वेगवेगळी करणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. फक्त प्रत्येक गटात जेमतेम १५-१६ माणसं होती.