पत्रा किती एमएमचा ते विचारता, स्क्रू कुठला ते पण विचारा

एप्रिल-मे मध्ये सोलापुरात वळीव झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी कुठं ना कुठं पत्रे उडाल्याची बातमी येतेच. मग नवीन पत्रे घ्यायला गेलेला माणूस दुकानात काय विचारतो, तर किती एमएमचा, कलर कुठला, किलोला काय भाव. स्क्रू कुठला आणि किती अंतरावर मारणार हे कुणीच विचारत नाही, ते सगळं फॅब्रिकेटरवर सोडून देतात. पण उडालेला पत्रा जवळ जाऊन बघा, बऱ्याच वेळा तो वाकलेला असतो पण अख्खा असतो, दगा दिलेला असतो तो जोडानं.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं आठवा. वीतभर मातीचा थर म्हणजे एका चौरस मीटरवर अडीच-तीनशे किलो वजन, वारा काय करणार त्याला. आणि 0.5 एमएमचा लोखंडी पत्रा? चौरस मीटरला जेमतेम 4 ते 5 किलो. आता वाऱ्याचा हिशोब बघा. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं, की एका चौरस मीटरवरचा दाब मिळतो न्यूटनमध्ये. ताशी 108 किमी म्हणजे सेकंदाला 30 मीटर, त्याचा दाब झाला 540, म्हणजे चौरस मीटरला साधारण 55 किलो. आणि हा जोर पत्र्याला खाली दाबत नाही, वर उचलतो, कारण छतावरून वारा वेगानं वळून जाताना वर ओढ तयार होते, कडेला आणि कोपऱ्यात तर ती दीडपट-दुप्पट होते. त्यात वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं राहिलं तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो, म्हणून वादळ दिसलं की शेडचं शटर आधी बंद करा, हे खरंच महत्त्वाचं आहे. पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत आपल्याकडं सगळीकडं आहे, पण 10 किलोचा दगड या 55 किलोपुढं टिकत नाही, आणि पत्रा उडाला की तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात जातो.

म्हणजे छत धरून ठेवायचं सगळं काम फास्टनरचं, म्हणजे पत्रा खालच्या लोखंडाला जोडणाऱ्या हुकाचं नाहीतर स्क्रूचं. अक्कलकोट रोडच्या जुन्या यंत्रमाग शेडमध्ये वर बघितलं तर इंग्रजी J च्या आकाराचे हुक दिसतील, अँगलच्या खालून वळसा घेतलेली सळई, वर वायसर आणि नट. हुकाचा फायदा असा की तो अँगलला कवेत घेतो, पातळ लोखंडातून उपसून यायचा प्रश्न नाही. पण भोक सळईपेक्षा मोठं पाडावं लागतं, आणि त्याखालचं डांबरी वायसर उन्हानं कडक होऊन तडकतं, मग गळती सुरू. जास्त जोर आला तर हुक सरळ पण होतो.

सेल्फ ड्रिलिंग स्क्रू हातात घेऊन नीट बघा. टोकाला छोटं ड्रिल, मग आटे, वर षटकोनी डोकं आणि त्याखाली धातूची चकती, तिला चिकटलेलं काळं ईपीडीएम रबर. स्वतःच भोक पाडतो, स्वतःच आटे कापतो, त्यामुळं भोक अगदी मापात. पण पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या आधाराचा, पाइप पातळ असेल तर आट्यांना पकडायला लोखंडच कमी मिळतं आणि स्क्रू उपसून येतो. दुसरी गोष्ट याच्या उलट, स्क्रू जागेवरच राहतो आणि पत्रा त्याच्या डोक्यावरून फाटून निघतो. 25 डिसेंबर 1974 ला ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं तेव्हा नेमकं हेच झालं, झोताझोतानं पत्रा वरखाली वाकून स्क्रूभोवती बारीक चिरा पडल्या आणि शेवटी पत्रे सुटले. त्यानंतर तिथं पत्रे एकदाच ओढून नाही तर हजारो वेळा हलवून तपासायला लागले, आणि स्क्रूखाली मोठी चकती द्यायची पद्धत आली.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा का खोलगट भागात, यावर मिस्त्री लोकांत वाद होतात. ऑस्ट्रेलियात छताला उंचवट्यावर मारतात कारण पाणी तिथं थांबत नाही, अमेरिकेत खोलगट भागात, कारण तिथं पत्रा पर्लिनला टेकलेला असतो आणि पकड घट्ट बसते. दोन्ही चालतं. उंचवट्यावर लांब स्क्रू लागतो आणि जास्त आवळला तर पत्रा चेपतो, खोलगट भागात सगळी भिस्त रबरावर. माझं मत विचाराल तर कडेच्या ओळींत अंतर कमी ठेवणं हे या वादापेक्षा जास्त कामाचं आहे. पर्लिन 1.2 मीटरवर आणि स्क्रू 30 सेंटिमीटरवर असेल तर त्या 55 किलोच्या हिशोबानं एका स्क्रूवर 20 किलो येतात, एकाआड एक सोडला की थेट 40, आणि कडेला त्याच्याही वर.

वारा कधीतरी येतो, ऊन मात्र रोजचं. मे महिन्यात पत्रा दुपारी 65 अंशाच्या वर जातो, पहाटे 25 च्या आसपास येतो. या 40 अंशांत 6 मीटरचा लोखंडी पत्रा जवळपास 3 मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा त्याच्या दुपटीच्या जवळ. रोज असं मागंपुढं होऊन स्क्रूभोवतीचं भोक लांबट होत जातं. यावर उपाय म्हणजे स्टँडिंग सीम, त्यात पत्र्याला भोकच पाडत नाहीत, कडा एकमेकींत दुमडतात आणि आतली क्लिप पर्लिनला स्क्रू करतात, पत्रा क्लिपवर सरकत राहतो. फक्त एका ठिकाणी तो पक्का बांधावा लागतो, नाहीतर उतारानं हळूहळू खाली घसरतो. मोठ्या, लांब छतांना हे उत्तम, पण मशीन लागतं, शिकलेला माणूस लागतो, खर्चही जास्त. विडी घरकुलातल्या दोन खोल्यांच्या घराला याची गरज नाही, तिथं पत्रेच लांब नसतात, चांगला स्क्रू नीट मारला तरी भागतं.

नीट म्हणजे कसा, तर सरळ, तिरका नाही, आणि रबर चकतीच्या कडेपर्यंत जेमतेम दिसेल इतकाच आवळलेला. रबर फुगून बाहेर आलं म्हणजे जास्त आवळला, ते लवकर फाटणार. चकती हातानं फिरत असेल तर कमी आवळलाय. आणि काम झाल्यावर ड्रिलचा लोखंडी कीस पत्र्यावरून झाडून घ्यायला सांगाच, राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबूस डाग पडायला लागतात.