सात वर्षांचा कागद

कोकणात पोर मेस्त्रीच्या हाताखाली जाई तेव्हा कागदबिगद होत नसे. गलबतं बांधणारे मालवण-विजयदुर्गाकडचे सुतार घ्या, नाहीतर सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणारे; शिकवणारा बाप, काका नाहीतर मामाच असायचा. आधी भुसा उचल, सरस तापव, हत्यारं घासून दे. रंधा हातात यायला किती दिवस लागतील हे मेस्त्री ठरवी. घरातल्या घरात करार कसला करायचा?

म्हणूनच जुन्या न्यायालयीन दप्तरात शिकाऊ मुलाचा करारनामा दिसला की मला आधी वाटतं, या पोराला घरचं कुणी नव्हतं का?

शंका अगदीच वावगी नाही. कंपनी सरकारने १८५० साली १९ क्रमांकाचा कायदा केला, तो मुख्यतः अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांना हुन्नर शिकवण्यासाठी. १० ते १८ वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक उस्तादाकडे बांधून देऊ शके. अनाथाच्या बाबतीत मॅजिस्ट्रेटच पालक होई. मुदत जास्तीत जास्त सात वर्षं, आणि वयाच्या २१व्या वर्षापलीकडे नाही. मुलगी असेल तर लग्न होताच करार संपे. करार लेखीच हवा. उस्ताद छळतो किंवा मुलगा ऐकत नाही, दोन्ही तक्रारी मॅजिस्ट्रेटपुढेच जात. गरीब मुलांना जहाजावर उमेदवारीला, म्हणजे हाताखाली राहून काम शिकायला, पाठवायची सोयही या कायद्यात होती. खारवी-गाबित या दर्यावर्दी जमातींच्या पोरांना मात्र तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, हाताखाली जायला सरकारी कागद लागत नव्हता.

सात हा आकडा आला विलायतेतून. इंग्लंडच्या १५६३ च्या कायद्यात उमेदवारी निदान सात वर्षांची असे. कारागिरांची संख्या मर्यादित ठेवायची तर दार अरुंद हवंच. आपल्याकडे तोच सात कमाल मर्यादा होऊन बसला, कारण इथे प्रश्न पोर किती काळ दुसऱ्याच्या ताब्यात राहणार हा होता.

१८५९ चा करारभंगाचा कायदा याच्याशी अनेकदा गल्लत करून वाचला जातो. तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन काम सोडणाऱ्या कारागीर-मजुरांसाठी होता आणि त्यात तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. करारनाम्यात ‘उचल’ आली की सावध व्हावं.

शिकाऊ मुलासाठी मराठीने मात्र शब्द कचेरीतला उचलला. पगार सुरू होईल या उमेदीवर कारकुनाच्या शेजारी फुकट बसून काम शिकणारा तो ‘उमेदवार’. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने १८५० चा कायदा रद्द केला, किमान वय १४ केलं आणि करार नोंदवणं सक्तीचं झालं. सरकारी मराठीत त्या मुलाला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. चितारआळीत अजूनही ‘अमक्याच्या हाताखालचा’ एवढं सांगितलं तरी कळतं.