लशीत डुकराची चरबी नव्हती

करोनाच्या लशीत डुकराची चरबी होती, म्हणून ब्रिटनमधल्या वयस्कर मुस्लिम स्थलांतरितांनी ती घेतली नाही आणि ते दगावले, असं अजूनही व्हॉट्सॲपवर फिरतं. हे साफ चूक आहे. फायझर, मॉडर्ना, ॲस्ट्राझेनेका, तिन्हींत डुकराचं काहीच नव्हतं. गोंधळ झाला तो बहुधा मुलांच्या नाकात फवारतात त्या फ्लूच्या लशीमुळे. तिच्यात डुकरापासून काढलेलं जिलेटिन असतं.

दंडावर टोचून घेतल्याने रोजाही मोडत नाही, असं ब्रिटिश इस्लामिक मेडिकल असोसिएशनने स्पष्ट सांगितलं होतं. बर्मिंगहॅमच्या अल-अब्बास केंद्रात, म्हणजे मशिदीतच, जानेवारी २०२१ पासून लस मिळू लागली.

मग या वयस्कर स्थलांतरितांत मृत्यू जास्त का? बांगलादेशातल्या सिल्हेटहून तरुणपणी आलेले एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी पत्र वाचता येत नाही, मधुमेह जुना, मुलगा टॅक्सी चालवतो, नातवंडं त्याच छोट्या घरात. वेगळं राहायचं कुठल्या खोलीत? दोष त्यांच्या श्रद्धेवर ढकलणं मला फार अन्यायाचं वाटतं. पहिल्या लाटेत, २०२० च्या वसंतात, ही माणसं गेली तेव्हा लस आलीच नव्हती.