मोटारीच्या स्क्रीनवर व्हिडिओ

मोटारीच्या डॅशबोर्डवरील टचस्क्रीनवर चित्रपट, गाणी किंवा ओटीटीवरील कार्यक्रम पाहण्याची सोय. पेनड्राइव्ह, मोबाइलची जोडणी आणि गाडीतलेच इंटरनेट हे तिचे मुख्य मार्ग. चालकाला दिसणाऱ्या स्क्रीनवर चित्र मात्र गाडी उभी असतानाच दिसावे, अशी रचना असते.

पेनड्राइव्हबाबत तक्रारी फार. संगणकावर नीट चालणारी फाइल गाडीत चालत नाही, तेव्हा दोष बहुधा फाइलच्या आत असतो. एमपी४ हे नुसते वेष्टन. आतला व्हिडिओ एच.२६४ या पद्धतीने (कोडेकने) दाबून लहान केलेला असेल तर बहुतेक स्टिरिओ तो दाखवतात, एच.२६५ या नव्या पद्धतीचा असेल तर अनेक जुन्या संचांना तो उलगडत नाही. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवण्याचा फॅट३२ फॉरमॅट जवळपास सगळीकडे वाचला जातो, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही. एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट तर अनेक गाड्या ओळखतच नाहीत.

ब्लूटूथवरून गाडीत येतो तो फक्त आवाज. मोबाइलवरची ॲप गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांनी व्हिडिओला अनेक वर्षे दाराबाहेर ठेवले. २०२५ मध्ये दोघांनीही पार्क केलेल्या गाडीपुरती तशी सोय जाहीर केली. टेस्लाच्या गाड्यांत उभ्या गाडीत नेटफ्लिक्स व यूट्यूब पाहण्याची सोय २०१९ पासून आहे.

कंपनीने बसवलेल्या स्क्रीनला गाडीचा वेग आतल्या नेटवर्कवरून कळतो. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला हँडब्रेकच्या स्विचकडे जाणारी एक वायर असते. ॲक्सेसरीच्या दुकानात पुष्कळदा ती हँडब्रेकला न जोडता सरळ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, लावतात, म्हणजे हँडब्रेक कायम ओढलेलाच आहे असे संच समजतो आणि चालत्या गाडीत चित्र सुरू राहते. गिऱ्हाईक ते हौसेने मागते, पण हे काम कोणत्याही मेकॅनिकने करू नये. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ४४ मीटर पुढे जाते, आणि स्क्रीनवरच्या दृश्यात डोळे दोन सेकंद सहज अडकतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही एका नजरेची मर्यादा दोन सेकंदच धरली आहे. भारतात २०१७ च्या मोटार वाहन (चालन) विनियमांनुसार गाडी चालवताना चालकाने व्हिडिओ पाहणे निषिद्ध आहे. रस्ता शोधण्यासाठीचा नकाशा तेवढा अपवाद.

सहप्रवाशासाठी वेगळी स्क्रीन देणे हा अलीकडचा तोडगा. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रा एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाडीत चालकाशेजारच्या प्रवाशासमोर १२.३ इंची स्क्रीन मिळते. मागच्या सीटसाठीच्या स्क्रीन त्याहून कितीतरी जुन्या, डीव्हीडीच्या काळातल्या.

पेट्रोल-डिझेल गाडीत इंजिन बंद ठेवून फार वेळ व्हिडिओ पाहिल्यास १२ व्होल्टची बॅटरी उतरते. त्यावर उपाय म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवणे प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.